टाकी गरम, नळ कोमट

८ डिसेंबर

गच्चीवर सोलर बसलं. काम स्वच्छ झालं. माणसं आपापला कचरा उचलून घेऊन गेली, हे विशेष. जाताना जिन्यापाशी भिंतीवर एक पेटी लावून दिली. तिच्यावर चार दिवे आहेत आणि मधोमध टाकीतल्या पाण्याचं तापमान दिसतं. सोबतची पुस्तिका मुंगीच्या अक्षरात छापलेली. भिंग घेऊन सगळी वाचली.

हिरवा म्हणजे ऊन पाणी तापवतंय. पिवळा म्हणजे ऊन पुरलं नाही, टाकीतली विजेची कॉइल लागली. निळा म्हणजे टाकी भरतेय. तांबडा म्हणजे बिघाड. तो सलग जळला तर टाकीत पाणी कमी, लुकलुकला तर सेन्सर गेला.

हे मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून पेटीशेजारी लावलं. ह्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "परीक्षा कधी आहे?" मी बी.एस्सी. पदार्थविज्ञान घेऊन केलं, नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळली. दिव्याकडे बघायचं कसं हे माणसाला शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही लिहून ठेवते. सून फिजिओथेरपिस्ट आहे. तळमजल्यावरची मागची खोली तिने मागून घेतली आणि तिथे बसून हातपाय हलवता येतील असा मोठा टब बसवून घेतला. पहिली रुग्ण घरचीच आहे. ह्यांच्या थोरल्या बहिणीचं, वन्संचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, पण पाय उचलत नाही. त्यांचं घर इथून जवळच. खाली शिवणवर्ग, वर राहायची खोली, मधे उभा जिना. डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीअखेर तो जिना कुणाच्या आधाराशिवाय चढल्या तर एकटं राहायला हरकत नाही. नाहीतर त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, त्यांना आपल्याकडे परगावी घेऊन जाणार आणि घराला कुलूप लागणार. भाचा मनाने चांगला आहे, त्याचं काही चुकत नाही. पण वन्संना ते नको आहे. मलाही नको आहे, कारण मग त्यांच्या तक्रारी फोनवरून ऐकाव्या लागतील आणि मला फोनवर बोलायला आवडत नाही.

सून म्हणते, ऊबदार पाण्यात रोज व्यायाम केला तर जमेल. म्हणून सोलर. सोलरची जबाबदारी माझी.

११ डिसेंबर

वन्सं राहायला आल्या. दोन पिशव्या, एक वॉकर आणि तोंड. दारातच म्हणाल्या, "वहिनी, तू अजून जिवंत आहेस तोवर मला मरायची चोरी आहे बघ."

मी म्हटलं, "पाय पुसून या."

"उचलत नाही म्हणून तर आलेय ना गं. पुसू कसा?"

सून हसली. मी पायपुसणं त्यांच्या पायापर्यंत नेऊन ठेवलं.

१४ डिसेंबर

ह्या यंत्रावर माझा जीव जडला, असं लिहिणं शोभत नाही, म्हणून नुसतं लिहिते की यंत्र उत्तम आहे. सकाळी ऊन गच्चीवर आलं की हिरवा लागतो. ढग आला की विझतो. लपवाछपवी नाही, सबबी नाहीत, "बघतो" नाही, "विसरलो" नाही. जे आहे ते सांगायचं आणि गप्प बसायचं. घरात असं एक तरी कुणी हवंच होतं.

दुपारी टबात पाणी भरलं. सुनेने कोपर बुडवून बघितलं आणि म्हणाली, "आई, अगदी हवं तसं!" वन्सं कठडा धरून आत उतरल्या. बसल्यावर डोळे मिटून म्हणाल्या, "हे सुख आधी कळलं असतं तर हाड आधीच मोडून घेतलं असतं."

मग त्यांनी पाय उचलला. पाण्यात. वीतभर. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

१९ डिसेंबर

तांबडा! सकाळी चहाच्या वेळी लुकलुकायला लागला आणि तापमानाच्या जागी नुसत्या रेघा. घरात धावपळ. हे म्हणाले, "स्फोट होईल का?" वन्सं म्हणाल्या, "आधी मला चहा द्या, मग होऊ दे."

मी पुठ्ठा वाचायला सांगितला. लुकलुकतो म्हणजे सेन्सर. पाण्याला काही झालेलं नाही, फक्त पेटीला ते दिसत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. ह्या माणसाचं नाव मला ठाऊक आहे, पण घरात सगळे त्याला 'होऊन जाईल' म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. गच्चीवर गेला आणि खारीने कुरतडलेली तार हातात घेऊन आला. "होऊन जाईल," म्हणाला. झालं.

निदान माझं होतं, एवढी नोंद करते.

२३ डिसेंबर

वन्सं टबात एका पायावर उभ्या राहिल्या. सुनेने हात काढून घेतला होता. वन्संना ते कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा म्हणाल्या, "अगं सोडलंस काय मला? चांगला कसाई आहेस की." सून म्हणाली, "आत्या, मघापासून तुम्हीच उभ्या आहात." ह्या मुलीच्या आवाजात धार नाही, पण वन्संसारखी बाई तिचं ऐकते. मला ते कधी जमलं नाही. लग्न झाल्यापासून वन्संनी माझं म्हणणं एकदाही पहिल्या सांगण्यात मानलेलं नाही.

२८ डिसेंबर

पाण्याची नासाडी मला बघवत नाही. टबाच्या खोलीत धुवायला हँड शॉवर आहे, त्याच्या मुठीवर पाणी सोडायचा-थांबवायचा खटका आहे. तरी प्रत्येक जण भिंतीतले दोन्ही नळ पिळत बसतो. आधी कढत, मग थंड, मग पुन्हा कढत. तोवर बादलीभर पाणी मोरीत जातं. हे तर हात पाण्याखाली धरून गाणंच म्हणतात.

आज मी थर्मामीटर लावून दोन्ही नळ बरोबर जुळवले आणि त्या जागी नखांच्या रंगाचा एकेक ठिपका दिला. रंग सुनेचा. आता नियम असा, कागदावर लिहून तिथेच भिंतीला लावलेला: भिंतीतल्या नळांना कुणीही हात लावायचा नाही. ते ठिपक्यावर उघडेच राहतील. पाणी फक्त मुठीवरच्या खटक्याने सोडायचं आणि बंद करायचं. थेंब वाया जाणार नाही.

सून म्हणाली, "आई, पण मागचे नळ दिवसभर उघडे ठेवायचे का? थंड पाण्याला आपला प्रेशर पंप आहे, गरम पाणी नुसतं टाकीतून उतरून येतं..."

मी म्हटलं, "खटका बंद आहे ना? मग पाणी जाईल कुठे?"

ती "बरं" म्हणाली. शिकलेल्या मुलींनाही साधी गोष्ट समजावून सांगावी लागते.

३ जानेवारी

यंत्राचं कौतुक करावं तेवढं थोडं. आज घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, टब भरून झाला, आणि टाकीचं तापमान जेमतेम एक अंश उतरलं! पूर्वी चांगलं दहा-बारा अंश उतरायचं. यंत्र आता रुळलं, असं दिसतं.

वन्संनी कुरकुर केली की टबाचं पाणी गार आहे. मी त्यांना पेटीपाशी उभं केलं. हिरवा दिवा, एकसष्ट अंश. "बघा."

"दिवा गरम आहे गं," त्या म्हणाल्या. "मी दिव्यात बसत नाही."

६ जानेवारी

माझ्या आंघोळीचं पाणी कोमट होतं. कोमट पाणी तब्येतीला चांगलं. हवेत गारठा आहे आणि पाईप लांबून येतो, उष्णता वाटेत जाणारच.

स्वयंपाकघरातली दोन मोठी पातेली दुपारी ओली सापडली, बाहेरून काजळलेली. स्वयंपाक तर सकाळीच आवरलेला. सुनेला विचारलं. ती म्हणाली, "घासून ठेवलीत, आई." बिनकामाची भांडी घासायची ही नवी सवय कुठून आली कोण जाणे. ह्यांच्या सदऱ्याची पुढची बाजूही भिजलेली होती. म्हणाले, झाडांना पाणी घालत होतो. ह्यांनी झाडांना पाणी घातल्याचं मी ह्या घरात आल्यापासून पाहिलेलं नाही. म्हातारपणी का होईना, चांगली सवय लागतेय.

१० जानेवारी

वन्संचा पाय पुन्हा आखडला. सून म्हणते, पाणी कधी पुरेसं ऊबदार मिळतं, कधी नाही. स्नायू सैल पडत नाहीत. काल त्या टबात दोन मिनिटांत थरथरायला लागल्या आणि तरीही सगळे व्यायाम केले. ओठ निळे, आणि मोजतायत मोठमोठ्याने. मधेच सुनेला म्हणाल्या, "हे बघ, माझ्या वहिनीला सांगू नकोस. तिचा त्या पेटीवर फार जीव आहे."

मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. आत गेले नाही. टॉवेल मुठीत पिळला गेला होता, दुसरा आणला.

चिकाटी म्हणतात ती ही. माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली, पण प्रयोग बिघडलेला दिसत असताना तो शेवटपर्यंत नेणारी दोन-तीनच. ह्या बाईने कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही.

११ जानेवारी

'होऊन जाईल'ला बोलावलं. त्याने कॉइल तपासली, सेन्सर तपासला, पेटी उघडून बंद केली. "सगळं हिरवं आहे, मॅडम. टाकी कढत आहे. हात लावून आलो, भाजला."

"मग नळाला पाणी का कोमट?"

त्याने बराच वेळ नळाकडे बघितलं. नळानेही त्याच्याकडे बघितलं. "होऊन जाईल," म्हणाला आणि गेला.

दोष सापडत नाही. पुठ्ठ्यावरची प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. कोणत्याच दिव्याला काही झालेलं नाही. भाच्याचा फोन आला होता. विचारत होता, "मामी, खरं सांग, जमेल का आईला? म्हणजे मला इकडे खोलीची सोय करायला बरी." मी म्हटलं, खोलीची सोय करू नकोस. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे मी कोणत्या आधारावर म्हटलं ते मला माहीत नाही.

१५ जानेवारी

वन्सं आज टबात उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "आज राहू दे." त्यांच्या तोंडून "राहू दे" हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. संध्याकाळी खिडकीशी बसून शिवणवर्गाच्या किल्ल्या चाळवत होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"काय गं, काही काम होतं?"

"नाही."

"मग बसलीस कशाला?"

"खुर्ची रिकामी होती."

मग म्हणाल्या, "त्याच्याकडे लिफ्ट आहे म्हणे. मी काय करू लिफ्टचं? दिवसभर वर-खाली करत बसू?" मी हसले नाही. त्याही हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि त्या मागच्या खोलीतली भिंत घोरते, माहितीय का? तू नळ सोडलास की आतून कुणीतरी घोरल्यासारखं. मला वाटलं माझा भाऊच झोपला."

भिंती घोरत नाहीत, हे सांगायची ती वेळ नव्हती.

१८ जानेवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

दुपारी वीज गेली. पेटीवरचे सगळे दिवे विझले, आकडा विझला. मी म्हटलं, आता आजचा दिवसही गेला. पण सून म्हणाली, "आई, टब भरायला घेतलाच आहे, भरू दे." आणि आतून वन्संची किंकाळी आली. मी धावले. त्या टबाच्या काठावर बसून हाताला फुंकर घालत होत्या.

"भाजलं मेलं! आज पाणी आणलंस कुठून गं?"

नळातून वाफ येत होती. दिवे सगळे बंद आणि पाणी कढत. तीन आठवडे दिवे हिरवे होते आणि पाणी कोमट.

मी तिथेच स्टुलावर बसले. विजेवर काय काय चालतं? पेटी. तिचा पाण्याशी संबंध नाही, ती फक्त बघते. कॉइल. ती बंद झाली तर पाणी गार व्हायला हवं. आणि थंड पाण्याचा प्रेशर पंप.

थंड पाण्याचा जोर गेला आणि गरम पाणी आलं.

वीज परत आल्यावर टबाचा नळ पुन्हा सोडायला लावला. भिंत घोरली. वन्सं म्हणाल्या ते शब्दशः खरं होतं. गरम पाण्याच्या पाईपला हात लावला. तो थंडगार होता. हँड शॉवरच्या बाजूने टबाच्या नळाकडे गरम पाण्याच्या पाईपातून थंड पाणी वाहत होतं. आणि ते तिथे शिरत कुठून होतं, तर माझ्या दोन ठिपक्यांमधून. खटका बंद, मागचे दोन्ही नळ उघडे. पंपाने ढकललेलं थंड पाणी त्या जोडातून आडवं गरम पाईपात घुसत होतं आणि टाकीतल्या पाण्याला खाली उतरूच देत नव्हतं. म्हणून तर टाकीचं तापमान उतरत नव्हतं. टाकीतलं पाणी कुणी वापरतच नव्हतं. आणि मी त्याचं कौतुक लिहून ठेवलंय, ३ जानेवारीला, उद्गारचिन्हासकट.

दोन्ही नळ घट्ट बंद केले. पाव मिनिटात टबाच्या नळाला वाफ.

सून दारात उभी होती. २८ डिसेंबरला तिने हेच विचारलं होतं. मी वाट बघत होते. ती म्हणाली, "आई, टॉवेल देता का? आत्यांना गार लागेल." बस, एवढंच. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. एकदा नाही, वर्षभर बोलले असते.

नियमाचा कागद मी स्वतः काढला. रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की दोष माझ्या ठिपक्यांचा होता. हे म्हणाले, "म्हणजे आता मी गाणं म्हणू शकतो?" वन्सं म्हणाल्या, "एवढी शिकलेली वहिनी, आणि भिंत काय म्हणतेय ते मला ऐकावं लागलं." मग भाजी वाढून घेताना म्हणाल्या, "पण शोधलंस हो. त्या 'होऊन जाईल'ला नाही सापडलं."

२० जानेवारी

'होऊन जाईल'ने गरम पाईपावर एक व्हॉल्व्ह बसवला. पाणी त्यातून पुढेच जातं, उलटं फिरत नाही. पुठ्ठ्यावर मी खाली एक ओळ वाढवली: "ही पेटी टाकीतलं पाणी सांगते. नळातलं पाणी हात लावून बघावं."

यंत्रावर माझा राग नाही. त्याने खोटं सांगितलं नाही. त्याने सांगितलंच नव्हतं ते मी त्याच्याकडून ऐकत होते.

मोठी पातेली आता दुपारी कोरडी असतात आणि ह्यांचं बागकामही बंद झालं. झाडं मात्र पूर्वीसारखीच सुकलेली. ह्याचा उलगडा काही होत नाही.

२ फेब्रुवारी

वन्सं वॉकरशिवाय स्वयंपाकघरापर्यंत आल्या, फक्त माझ्या आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला.

१४ फेब्रुवारी

आमच्या जिन्यावर सराव. सून खाली, मी वर. वन्सं मधे उभ्या राहून घाम पुसत म्हणाल्या, "वहिनी, वर यमासारखी उभी राहू नकोस. काहीतरी बोल."

मी म्हटलं, "चढा."

"हेच? एवढ्या वर्षांत दुसरा शब्द सुचला नाही?"

"चढा, वन्सं. आमटीत मीठ घालायचं राहिलंय."

चढल्या. हसताना तोल जाऊ नये म्हणून कठडा धरला, तेवढाच.

२६ फेब्रुवारी

डॉक्टर स्वतः वन्संच्या घरी आले. भाचाही आला होता, हात पुढे करून जिन्याशी उभा. वन्संनी त्याच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाल्या, "हे धर. मला नको धरूस." आणि चढल्या. मधे एकदा थांबल्या. मला वाटतं तेव्हा मी श्वास घेतला नाही, पण ते शास्त्राला धरून नाही, म्हणून ठामपणे लिहीत नाही. वर पोचल्यावर त्यांनी खिडकी उघडली आणि खाली ओरडल्या, "उद्यापासून वर्ग सुरू! सांगा सगळ्यांना."

डॉक्टरांनी सुनेला विचारलं, ह्या टबासाठी आणखी रुग्ण पाठवले तर चालतील का. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिला विचारा. खोली तिची आहे." ही मुलगी पाणी ओळखते, माणूस ओळखते आणि गप्प कधी बसायचं ते ओळखते. हे शेवटचं मी अजून शिकतेय.

१ मार्च

घर शांत आहे. आमटीला कुणी नावं ठेवली नाहीत. ह्यांनी आज दोनदा मागून घेतली, तरी मला ती अळणीच वाटली.

दुपारी सवयीने टब भरला. भरून झाल्यावर आठवलं की आज कुणीच नाही. पाणी ओतून देणं मला मान्य नाही, म्हणून काठावर बसून पाय सोडले. पाणी खरोखरच चांगलं तापतं.

५ मार्च

संध्याकाळी वन्संचा फोन. "वहिनी, तांबडा दिवा लागलाय गं. लगेच ये. मला तर भीतीच वाटतेय."

त्यांच्याकडे सोलर नाही. आहे तो विजेचा गीझर, आणि त्याचा तांबडा दिवा लागतो तो चालू असतो म्हणून. तो गीझर त्या कित्येक वर्षं वापरतायत, तरी एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आलेली नाही, ह्याचं आश्चर्य वाटतं. असं काही फोनवर समजावता येत नाही. उद्या सकाळीच जाते. पुठ्ठा आणि जाड पेन काढून ठेवलंय. दिवा एकच असला तरी नीट समजवायला दुपार उलटणार, तेव्हा आमटीही डब्यात घेऊन जाईन. मीठ तिथेच घालू.